मनातली भक्ती आणि रविवारची सभा

ख्रिस्ती उपासना ही मुळात एकट्याने, मनातल्या मनात करायची गोष्ट आहे, अंतःकरण शुद्ध असले की देऊळ, मंडळी, गाणी-वाजवणी यांची गरज उरत नाही, असे मत दोन बाजूंनी मांडले जाते. एक बाजू मंडळीच्या बाहेरची. नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडी-नवापूर पट्ट्यात पाड्यापाड्यावर पत्र्याची प्रार्थनास्थळे उभी राहिली, तसा एक सवाल हमखास ऐकू येऊ लागला: येशूनेच तर खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, मग हा पसारा कशासाठी? दुसरी बाजू मंडळीच्या आतली. पाळक, पंचमंडळ, वर्गणी आणि त्यावरून होणारी भांडणे यांना विटलेला शिकलासवरला ख्रिस्ती माणूस देवाशी आपले थेट नाते आहे असे सांगून रविवारी घरी बसतो. दोघांचे हेतू वेगळे असले तरी आधार एकच, मत्तयकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. हा आधार नीट तपासला तर तो दोघांच्याही कामाचा नाही असे दिसते.

त्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तीन गोष्टी एका माळेत येतात. तिन्हींवरचा आक्षेप एकच आहे, लोकांनी पाहावे म्हणून त्या केल्या जातात. दानाची दवंडी पिटू नये, उपवासाच्या दिवशी तोंड पाडून हिंडू नये, चौकात उभे राहून सर्वांच्या नजरेत भरेल अशी प्रार्थना करू नये. यातल्या प्रार्थनेच्या उपदेशाने सामुदायिक उपासना रद्द होते असे मानायचे, तर दानाच्या उपदेशाने मंडळीचा गरीबफंडही रद्द व्हायला हवा. तसे मात्र कोणी म्हणत नाही. दार लावायला सांगितल्यावर लगेचच शिष्यांना जी प्रार्थना शिकवली आहे, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत अनेकवचनी आहे. कोंडून घेऊन एकट्याने म्हटली तरी तिच्यात भाकर सगळ्यांसाठी मागावी लागते आणि क्षमाही सगळ्यांसाठी. हा उपदेश करणारा स्वतः दर शब्बाथाला सभास्थानात जात असे आणि ती त्याची नेहमीची रीत होती, हे लूकने नोंदवून ठेवले आहे. सभा टाळण्याचा धडा त्याने दिला असता तर तो आधी स्वतः गिरवला असता.

त्या खोलीचेही थोडे पाहायला हवे. पहिल्या शतकात गालीलातल्या साध्या शेतकऱ्याच्या घरात निजायची, बसायची, अभ्यासाची अशा निरनिराळ्या खोल्या नसत. सगळे घर एका जागेत नांदे आणि आत धान्य, तेल, अवजारे ठेवायची कोठी असली तर असे. लपायचे म्हटले तर तेवढीच जागा. उपदेशाचा रोख स्पष्ट आहे: वाहवा करायला जिथे कोणी येणार नाही, अशा ठिकाणीही ज्याची प्रार्थना चालते, त्याचीच चौकातली प्रार्थना खरी. विसरवाडीच्या आसपासच्या कुडाच्या घराला हे चित्र परके नाही. बांबूच्या कुडावर शेणमातीचा लेप, एका अंगाला गुरे, दुसऱ्या अंगाला चूल, कोपऱ्यात कणगी. स्वतंत्र खोली ही शहरी फ्लॅटची चीज आहे आणि खासगी भक्तीचा आग्रह धरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तोच फ्लॅट असतो. ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या जोडप्याला पडावावर प्लास्टिकच्या कागदाचे खोपटे मिळते. त्याला लावायला दारच नसते. तिथली बाई रात्री तापलेल्या पोरासाठी प्रार्थना करू लागली की ती शेजारच्या खोपटात ऐकू जाते आणि तिथून ‘आमेन’ येते. ही भक्ती खासगी की सामुदायिक, हा प्रश्न तिच्यापुढे उभाच राहत नाही.

टीकाकारांचे एक म्हणणे मात्र मान्य करावे लागते. सहाव्या अध्यायाचा आसूड ख्रिस्ती सभांवरही बसतो, आणि चांगला बसतो. छपरावर चारी दिशांना तोंडे करून लावलेले भोंगे, ‘चंगाई’चे वायदे करणारे फलक, बरे झालेल्यांची गर्दीपुढे मिरवणूक हे सारे त्या चौकातल्या प्रार्थनेच्या जातीचे आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत आणि रात्री दहानंतर उघड्यावर तो चालू देत नाहीत. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे उकळणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरते. असल्या दिखाऊपणाचा समाचार ख्रिस्ती पाळकांनी इतरांच्या आधी घ्यायला हवा, कारण त्यांच्याच ग्रंथाने तो सर्वांत कडक शब्दांत घेतला आहे. पण नाटकीपणाला विरोध म्हणजे सभेला विरोध नव्हे. लग्नात उधळपट्टी होते म्हणून कोणी लग्नसंस्था मोडीत काढत नाही.

आता अंतःकरणाची शुद्धता. डोंगरावरील प्रवचनात शुद्ध अंतःकरणाच्या लोकांना देवाचे दर्शन घडेल असे आश्वासन आहे, आणि ते एकांतवाद्यांचे आवडते वचन आहे. येशूच्या श्रोत्यांना त्यात एक जुनी स्तोत्ररचना ऐकू आली असणार. स्तोत्रसंहितेच्या चोविसाव्या स्तोत्रात परमेश्वराच्या डोंगरावर कोणी चढावे असा प्रश्न आहे आणि उत्तरात स्वच्छ हात व शुद्ध मन यांची जोडी आहे. मंदिराच्या वेशीशी येऊन ठेपलेल्या यात्रेकरूंना उद्देशून ते म्हटले जात असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे शुद्ध मन ही सभेला जाण्याची अट झाली, घरी बसण्याची सबब नव्हे. हातांचा उल्लेखही सहज आलेला नाही. हात म्हणजे व्यवहार. वजनात मारलेली दांडी, सरकवलेला बांध, बुडवलेली मजुरी या गोष्टी मनात राहत नाहीत, त्या शेजाऱ्याच्या दारात दिसतात.

त्याच प्रवचनात, पाचव्या अध्यायात, याहून नेमकी सूचना आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा आणि मग परत येऊन ते वाहावे. एकांतवादी यातला शेवटचा भाग वाचायला विसरतात. समेट झाला, आता वेदीचे काय काम, असे तिथे म्हटलेले नाही. संदेष्ट्यांचेही असेच वाचन केले जाते. आमोस आणि यशया यांनी सण, सभा, गाणी, होम यांचा देवाला वीट आला आहे असे ठणकावले, ते खरे. पण त्यांनी सांगितलेला उपाय ध्यानधारणा नव्हता. वेशीत, म्हणजे त्या काळी जिथे न्यायनिवाडा होई तिथे, गरिबाला न्याय द्या, अनाथाची बाजू घ्या, विधवेची दाद घ्या, असे त्यांचे मागणे होते. पौलाने करिंथच्या मंडळीला झापले तेही याच कारणाने. तिथे प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन खाऊनपिऊन घेत आणि मजूर मागाहून उपाशी राहत. पौलाने भोजन बंद केले नाही, एकमेकांसाठी थांबायला सांगितले.

विरोधी पक्षाचा खरा बळकट आधार योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि गंमत म्हणजे वादात तो फारसा पुढे केला जात नाही. विहिरीवरच्या शोमरोनी बाईने विचारले, उपासनेची खरी जागा कोणती, आमचा गरिज्जीम डोंगर की तुमचे यरुशलेम? उत्तर आले की दोन्हींची मक्तेदारी संपण्याची वेळ आली आहे, खरे उपासक आत्म्याने व खरेपणाने उपासना करतील. जागेचे माहात्म्य इथे उतरते यात वाद नाही. ख्रिस्ती धर्मात काशी-पंढरीसारखे अनिवार्य क्षेत्र नाही ते यामुळेच, आणि विसरवाडीजवळच्या एखाद्या पाड्यावरची पत्र्याची शेड रोमच्या महामंदिराइतकीच उपासनेला पुरते तीही यामुळेच. परंतु एक जागा अनिवार्य नाही म्हणजे कुठेही जमता येते. कुठेच जमू नये, हे त्यातून निघत नाही. त्या बाईने पुढे काय केले तेही त्याच अध्यायात आहे. घागर तिथेच टाकून ती गावात गेली आणि सारा गाव घेऊन आली.

पहिल्या पिढ्यांनी या उपदेशाचा अर्थ कसा लावला, हे बाहेरच्या माणसाच्या साक्षीवरून कळते. सुमारे ११२ साली बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पाठवलेल्या अहवालात ख्रिस्ती लोकांची चौकशी नोंदवली आहे. ठरलेल्या दिवशी ते पहाटेपूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणत, चोरी-व्यभिचार न करण्याची आणि दिलेला शब्द न मोडण्याची शपथ घेत, आणि पुढे एकत्र जेवायला येत. शुद्ध वर्तनाची शपथ आणि सभा या गोष्टी इतक्या जवळजवळ आहेत. सुभेदाराला डाचत होती ती सभा. सम्राटाच्या आदेशावरून त्याने सर्व मंडळांवर बंदी घातली होती. निकोमेदियात मोठी आग लागल्यावर त्याने दीडशे माणसांचे आगविझवे पथक नेमायची परवानगी मागितली, तीही ट्रेजनने नाकारली, कारण माणसे एकत्र आली की राजकारण करतात! रोमला लोकांच्या मनातले देव चालत होते, त्यांचे जमणे चालत नव्हते. यानंतर चाळीसेक वर्षांनी रोममध्येच जस्टिनने रविवारच्या सभेचे वर्णन केले. वाचन, प्रबोधन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, मग ऐपतदारांनी स्वखुशीने दिलेला पैसा. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे पाहुणे यांची सोय. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक भाकरीचा वाटा पोचवत. एकट्या पडलेल्याची आठवण ठेवायलाही सभा लागते, हे त्या वाट्यावरून समजते.

खानदेशापुरते बोलायचे तर याहून जवळचा पुरावा उपलब्ध आहे. विसरवाडीच्या परिसरात जो प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्म आला, त्याचा मोठा भाग स्कँडिनेव्हियातून आला. फ्रेडरिक फ्रान्सन याने १८९० साली शिकागोत स्थापलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन (१९४९ नंतर हेच ‘टीईएएम’) आणि १८५३ साली यॉनशॉपिंगमध्ये पत्रके वाटणारी संस्था म्हणून सुरू झालेले स्वीडिश अलायन्स मिशन यांनी खानदेशात काम केले. नवापूरजवळ चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. हे मिशनरी अंतःकरणाच्या धर्माचेच लोक होते. नुसता बाप्तिस्मा आणि हजेरीपट पुरेसा नाही, मन पालटले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. तेव्हा खासगी भक्तीचा पुरस्कार करणाऱ्याने त्यांचाच दाखला द्यावा, हे वरवर पाहता रास्त वाटते.

पण या अंतःकरणवाद्यांनी स्वदेशात झगडा कशासाठी केला? स्वीडनमध्ये १७२६ साली एक राजाज्ञा निघाली. कुटुंबाने आपल्या घरात प्रार्थना करायला तिने मोकळीक दिली. घराबाहेरची माणसे बोलावून, सरकारमान्य चर्चच्या पाळकाशिवाय, बायबल वाचायला जमणे गुन्हा ठरवले. शिक्षा दंडापासून तुरुंग आणि हद्दपारीपर्यंत. खासगी भक्ती कायदेशीर आणि शेजाऱ्यासोबतची भक्ती बेकायदा, अशी ही विभागणी होती. शेतकरी, मोलकरणी, कारागीर स्वयंपाकघरांत आणि धान्याच्या कोठारांत जमून बायबल वाचत राहिले. लोक त्यांना हिणवून ‘वाचणारे’ म्हणत. नॉर्वेत असाच हुकूम १७४१ पासून होता. त्याखाली हान्स नील्सन हाउगे हा शेतकऱ्याचा मुलगा १८०४ साली पकडला गेला आणि सात वर्षे कैदेत राहिला. नॉर्वेचा हुकूम १८४२ मध्ये गेला, स्वीडनचा १८५८ मध्ये. फ्रान्सनचा जन्म १८५२ चा. म्हणजे शेजाऱ्यांसोबत प्रार्थना केली म्हणून दंड भरणाऱ्या पिढीच्या मांडीवर तो वाढला. ज्यांच्या वाडवडिलांनी घरगुती सभेच्या हक्कासाठी तुरुंग पत्करला, त्यांचीच ‘अंतःकरणाची भक्ती’ आज खानदेशातल्या घरगुती सभा बंद पाडायला वापरली जाते. याला इतिहासाचे अज्ञान म्हणावे की सोयीचे विस्मरण, हे ज्याचे त्याने ठरवावे. अठराव्या शतकातला स्वीडनचा राजा मात्र खासगी भक्तीचा नक्कीच मोठा चाहता होता.

मराठी ख्रिस्ती परंपरेतली दोन मोठी माणसेही हेच दाखवतात. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या भगिनींच्या मठात राहत होत्या, तिथल्या वडीलधाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. सदसद्विवेक आपला आहे, कोणा बिशपच्या सांगण्यावरून सिद्धांत गिळणार नाही, ही त्यांची भूमिका होती. खासगी श्रद्धेचा इतका ताठ कैवार मराठी माणसांत क्वचित सापडेल. त्याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदनात शेकडो मुलीबायांची मंडळी उभी केली. तिथे १९०५ साली जागृती झाली तेव्हा मुली एकाच वेळी मोठमोठ्याने, रडत-ओरडत प्रार्थना करू लागल्या. शिस्तप्रिय मिशनऱ्यांनी नाके मुरडली. रमाबाईंनी ती प्रार्थना थांबवली नाही. नारायण वामन टिळक तर अभंगांचे कवी, ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो असे सांगणारे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली. परदेशी साच्यातल्या चर्चने जीव गुदमरतो, ही त्यांची तक्रार. त्यांना कुठेतरी डोंगरात जाऊन बसता आले असते. त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळा. संस्था नकोशी झाली तेव्हाही त्यांना सोबत हवीच होती.

तुकोबांचे नाव निघालेच आहे, तर वारकरी पंथाकडेही पाहावे. अंतरीच्या शुद्धतेवर वारकरी संतांइतका जोर कोणी दिला असेल? सावता माळी पंढरीला गेलाच नाही, मळ्यातच त्याला विठोबा भेटला असे सांगतात. तरीही त्याच्या नावाने अरणला यात्रा भरते आणि दिंड्या वाट चालतच राहतात. देव हृदयात असताना महिनाभर रस्ते कशाला अडवता, असे वारकऱ्याला विचारणारा माणूस महाराष्ट्रात अडाणी ठरेल. २०२० साली करोनामुळे संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या गेल्या आणि वारकऱ्यांनी घरी हरिपाठ केला. त्यावरून वारी अनावश्यक ठरली, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. महाराष्ट्रातली चर्चेही मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत बंदच होती आणि कुटुंबे घरी प्रार्थना करत होती. तो नाइलाज होता. त्याला आदर्श ठरवणे म्हणजे सलाइनवर काढलेल्या दिवसांवरून जेवण बंद करण्याची शिफारस करणे.

सुरत-धुळे महामार्ग विसरवाडीतून जातो आणि इथूनच उत्तरेला नंदुरबारचा रस्ता फुटतो. दोन्हींच्या आतल्या अंगाला मावची, कोकणी, भिल्ल वस्त्यांचे पाडे आहेत. अशा पाड्यावरच्या रविवारच्या भक्तीत नेमके काय चालते हे पाहिले, तर अंतःकरणाची शुद्धता सभेत कुठे बसते ते ध्यानात येते. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, ढोलक आणि झांज. ‘उपासना संगीता’तली मराठी गीते होतात, मावचीतलीही होतात. मग साक्ष. एखादा माणूस उठतो आणि मोहाची दारू सोडल्याला किती दिवस झाले ते सांगतो. सांगताना त्याची बायको समोरच्या सतरंजीवर बसलेली असते. ती मान हलवते की नाही, याकडे साऱ्या मंडळीचे लक्ष असते. एकांतात केलेला निश्चय मोडला तर कोणाला कळत नाही; इथे तो चार जणांच्या देखत मोडावा लागतो. प्रभुभोजनाच्या आधी पाळक प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे बजावतो, आणि बांधावरून भावाशी अबोला धरलेल्याने आधी समेट करावा अशी अपेक्षा असते. हंगामाच्या उपकारस्तुतीला नवे भात, तूर, भोपळे, कोंबडी असे अर्पण येते आणि उपासना आटोपली की त्याचा लिलाव होतो. बाजारात पन्नासाला मिळणारा भोपळा तिथे हसतखेळत दोनशेला जातो, कारण पैसे कुठे जाणार ते घेणाऱ्याला ठाऊक असते. यात दिखावा अजिबात नसतो असे नाही. माणसे आहेत. पण यातले काहीही दार लावून होणारे नाही.

धर्म ही खासगी बाब आहे, ही कल्पना या मुलखाला तशीही उपरीच. कणसरीची पूजा, डोंगऱ्यादेव, वाघदेव, देवमोगऱ्याच्या याहा मोगीची यात्रा यांतले काय एकट्याने होते? नव्या सुधारणाही इथे गर्दीतूनच आल्या. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत आणि लगतच्या डांगांत देवीची चळवळ उसळली तेव्हा अंगात आलेल्यांच्या तोंडून दारू सोडा, रोज अंघोळ करा, असे आदेश निघत आणि गावेच्या गावे मांडवात बसून ते मानत. १९३०च्या दशकात तळोद्याकडे गुला महाराजांनी हेच सांगितले, आणि ऐकायला हजारो आदिवासी जमू लागले तसे इंग्रज अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आला. शुद्ध राहणीचे व्रत इथे नेहमी गावाने मिळून घेतले आहे. ख्रिस्ती झालेल्या आदिवासीने तेवढे आपले व्रत मनात ठेवावे, हा आग्रह त्याला त्याच्या आदिवासी वळणापासून तोडणारा आहे. आणि असा आग्रह धरणारेच बहुधा, धर्मांतराने आदिवासीपण जाते, अशी तक्रारही करतात.

आता कायद्याकडे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे, तसेच आचरणाचे आणि प्रसाराचेही. यातला धर्म म्हणजे फक्त मनातला विश्वास काय, हा प्रश्न मुंबईतच उपस्थित झाला होता. १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याला रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात आव्हान दिले गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या मुंबई उच्च न्यायालयाने धर्माची व्याख्या माणसाच्या सदसद्विवेकाशी आणि नीतितत्त्वांशी निगडित तेवढी, अशी अरुंद केली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५४ मध्ये ती मानली नाही. न्यायमूर्ती मुखर्जी यांनी लिहिले त्याचा आशय असा, की श्रद्धेपोटी केलेल्या कृती आणि आचार हे श्रद्धेइतकेच धर्माचे अंग आहेत. त्याच वर्षीच्या शिरूर मठ खटल्यात विधी, समारंभ आणि उपासनापद्धती यांनाही हेच संरक्षण मिळाले. खटले जैन विश्वस्तांचे आणि उडुपीच्या एका मठाचे. त्यांतून निघालेले तत्त्व सर्वांचे आहे, आणि ज्या कायद्यावरून तो वाद झाला त्याच कायद्याखाली महाराष्ट्रातले चर्च-विश्वस्त आजही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करतात.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत नवापूर परिसरातल्या अनधिकृत चर्चचा विषय निघाला आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी चौकशी करून ती सहा महिन्यांत पाडण्याचे आश्वासन दिले. बांधकाम अनधिकृत असेल तर कारवाई व्हावी, यावर दुमत नको. नवापूर तालुका पाचव्या अनुसूचीतल्या अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत आणि आदिवासीच्या जमिनीच्या हस्तांतरावर महसूल संहितेचे निर्बंध आहेत. सार्वजनिक रस्त्यावर वा उद्यानात नवे अनधिकृत धर्मस्थळ होऊ देऊ नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २००९ चा आदेश मंदिर, चर्च, मशीद, गुरुद्वारा अशी नावे घेऊनच दिलेला आहे. तेव्हा जमीन कोणाची, ठराव झाला का, परवानगी आहे का, आणि शेजारच्या इतर धर्मस्थळांना हेच निकष लावले का, एवढे विचारावे. त्या विचारपुशीत मत्तयाचा सहावा अध्याय आणण्याचे कारण नाही. तलाठ्याने सातबारा वाचावा, प्रवचन करू नये.

माणूस मेल्यावर तर खासगी धर्माची भाषा पुरतीच तोकडी पडते. बस्तरमधल्या छिंदावाडा गावात जानेवारी २०२५ मध्ये एका आदिवासीबहुल वस्तीतल्या ख्रिस्ती पाद्रीचे निधन झाले आणि गावाच्या हद्दीत दफन करू देण्यास विरोध झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत देह सुमारे तीन आठवडे शवागारात होता. २७ जानेवारीच्या निकालात न्यायमूर्ती नागरत्ना यांनी कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफनाच्या बाजूने मत दिले, तर न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांनी ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या दफनभूमीच्या. देह आणखी ताटकळू नये म्हणून शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या करकापाल येथील दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात, दफन करण्याचा आदेश झाला.